मागच्या खिडकीचं तावदान

माझी बायको एलुनेड गेली, तेव्हा काहीतरी वाईट घडलंय हे मला नेस्टाच्या हातांवरून कळलं.

मार्च महिना होता. मी चॅपेलच्या, म्हणजे आमच्या जुन्या प्रार्थनाघराच्या, छपरावर होतो. वादळात सरकलेली स्लेटची, पाटीच्या दगडाची, कौलं पुन्हा जागेवर बसवत होतो. चॅपेल विकायला काढलं होतं आणि विकायची वास्तू गळकी असू नये, असं आम्हा उरल्यासुरल्या सभासदांचं ठरलं होतं. खाली फाटक वाजलं. नेस्टा आत आली आणि काही न बोलता तिनं दोन्ही हातांनी माझी शिडी धरली.

आमच्याकडे छपरावरच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. डोंगरातल्या स्लेटच्या खाणी चालू होत्या तेव्हापासूनची ही रीत आहे. आधी माणसाला जमिनीवर येऊ द्यायचं, मग सांगायचं. नेस्टा आमच्या शेजारच्याच घरात राहते. इतक्या वर्षांत तिनं माझी शिडी कधी धरली नव्हती. "पडलास तर माझ्या फुलांवर पडू नकोस," एवढंच ती खालून जाताना म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "इद्वल, खाली ये. चहा ठेवलाय." आवाज नेहमीचाच होता. पण शिडी तिनं अशी आवळून धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी हातोडी पट्ट्यात अडकवली आणि सावकाश उतरलो. उतरताना मनात माझा थोरला भाऊ आला. त्याला बरं नव्हतं. एलुनेड मनात आलीच नाही. ती सकाळच्या बसनं बूट घ्यायला शहरात गेली होती.

बुटांच्या दुकानातच ती गेली. एका पायात नवा बूट होता. दुसरा घालायला वाकली आणि तशीच खुर्चीत कलंडली. दुकानातल्या बाईंनी तिचे जुने बूट पिशवीत घालून पाठवून दिले. नवे बूट घालूनच आम्ही तिला पुरलं.

आमच्या गावात एकाच नावाची माणसं फार. म्हणून नावापुढे धंदा लावतात. मी इद्वल स्लेट. नेस्टाकडे चॅपेलच्या किल्ल्या असतात, म्हणून ती नेस्टा चॅपेल. एलुनेड शाळेत स्वयंपाक करायची, पण तिला कोणी एलुनेड शाळा म्हटलं नाही. ती एलुनेड वटवाघूळ. तोंडावरही तेच म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

कारण असं की चॅपेलच्या माळ्यावर, छत आणि छप्पर यांच्या मधल्या अंधारात, दर उन्हाळ्यात वटवाघळांच्या माद्या पिल्लं घालायला येतात. लहान जात आहे. पंख गुंडाळून उलट्या लटकल्या की पिकलेल्या आलुबुखाराएवढ्या दिसतात. नाकावर घोड्याच्या नालासारखी कातडीची घडी असते. एलुनेडला त्यांचं वेड होतं. परवाना काढून ती रीतसर शिकली होती आणि दर जूनमध्ये किती निघाल्या ते मोजून जिल्ह्याच्या मंडळाला कळवायची. संध्याकाळी थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन ती चॅपेलच्या मागे जाऊन बसे. मी कधी गेलो नाही. छपरावर काम करणारा माणूस पहाटे उठतो. ती परत यायची तेव्हा माझी पहिली झोप झालेली असे. ती थंड पाय माझ्या पायांना लावून आकडा सांगायची आणि मी हूं म्हणायचो. मला स्लेटमधलं कळतं. वटवाघळातलं काही कळत नाही.

चॅपेल घेतलं स्टेफान आणि लोरी या जोडप्यानं. दोघंही इथलेच. तो दूध डेअरीत आहे, ती शाळेत शिकवते, आणि तिला दिवस गेले होते. गावातली बाकीची मुलं घरं परवडत नाहीत म्हणून निघून गेली. ही दोघं राहायला मागत होती, याचा सगळ्यांना आनंद होता. चॅपेलचं घर करायचं, छप्पर पूर्ण उतरवून नवं घालायचं आणि माळ्यावर बाळाची खोली काढायची, असा त्यांचा बेत होता. छपराचं काम त्यांनी मला दिलं. मी हो म्हणालो. घरात बसून राहण्यापेक्षा ते बरं.

पण जुन्या इमारतीला हात लावायच्या आधी तिथं वटवाघळं आहेत का ते तपासून घ्यावं लागतं. तसा कायदा आहे. एप्रिलमध्ये तपासणीसाठी टेगवेन नावाची बाई आली. चाळिशीची असेल. डोक्याला दिवा बांधलेला, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेली विजार. मी तिला किल्ली दिली. मी स्वतः वर गेलो नाही. एलुनेडला तिथं पुरल्यापासून मी चॅपेलच्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती परत आली आणि माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. म्हणाली, इतक्या माळ्यांवर गेले पण असा माळा बघितला नाही. एक लेंडी नाही, पतंगाचा एक पंख नाही, कोळ्याचं जाळंही नाही. आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास येतोय.

मी कपाळाला हात लावला. नेस्टा आणि तिच्या मैत्रिणींचं हे काम होतं. चॅपेलमध्ये कोणी परका माणूस यायचा असला की या बायका आधी बादल्या घेऊन जातात. वीजमीटर बघायला येणाऱ्या माणसासाठीसुद्धा त्यांनी एकदा पितळी कड्या घासल्या होत्या. तपासणीला बाई येणार म्हटल्यावर त्यांनी माळा धुवून काढला असणार.

टेगवेन हसली, पण मग गंभीर झाली. एलुनेडनं कळवलेले आकडे तिच्याजवळ होते. तिला अडचण वेगळीच दिसत होती. ही जात फटीतून सरपटत आत शिरत नाही, तिला उडत आत जाता येईल एवढं भोक लागतं. आणि सगळीकडे बघून झालं तरी तसं भोक तिला कुठंच सापडलं नव्हतं.

"मिस्टर बेवन, त्या आत जायच्या कुठून?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या छपरावर माझे हात फिरले आणि एवढं मला सांगता येईना. "मागच्या बाजूनं," मी म्हणालो. "ती मागे बसायची."

तिनं मला सरळ समजावून सांगितलं. मे महिन्यात त्या यायला हव्यात. तेव्हा ती संध्याकाळी येऊन बसेल. एकही निघाली नाही तर 'पूर्वी राहत होत्या, आता सोडून गेल्या' असं तिला लिहावं लागेल. मग माळ्यावर खोली काढता येईल, आणि वटवाघळांसाठी म्हणून झाडाला एक लाकडी पेटी ठोकली की झालं. ही जात पेटीत राहत नाही, हेही तिनंच सांगितलं. आणि निघाल्या तर माळा त्यांचा. घर खालच्या मजल्यावर करायचं, छपराचं काम त्या गेल्यावर शरद ऋतूत.

ती गेल्यावर मी कपबशा विसळल्या. एलुनेडची सवय होती, बशी पुसली की ती उजेडाकडे धरून बघायची. मीही धरली. वाटलं, ती होती तोवर त्या होत्या. आता ती नाही तर त्याही येणार नाहीत. असा विचार वेडेपणाचा आहे हे कळत होतं, पण तो गेला नाही.

मेच्या मध्याला टेगवेन आली. वारा पडलेला, उबदार संध्याकाळ होती. तिनं मागच्या भिंतीकडे तोंड करून एक कॅमेरा लावला आणि स्वतः डावीकडे बसली. स्टेफान पूर्वेला बसला. मला तिनं एलुनेडची जागा दिली, मागच्या बाजूला, थडग्यांमधल्या यू नावाच्या दाट, सदाहरित झाडाखाली. मी एलुनेडचीच खुर्ची नेली होती. तिचं यंत्रही नेलं होतं. मुठीत मावेल एवढी पेटी आहे. वटवाघळांचा जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही तो ती ऐकवते. कुठल्या आकड्यावर चकती ठेवायची ते मला माहीत नव्हतं, पण तिथं एलुनेडनं नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. मी चकती ठिपक्यावर आणली. नुसती खरखर येत होती.

उजेड गेला. मेंढ्या गप्प झाल्या. एक घुबड गेलं. खरखर काही थांबली नाही. आकाश पुरतं काळवंडलं तेव्हा टेगवेन उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, आता निघायच्या असत्या तर निघाल्या असत्या. अजून एक संध्याकाळ ती जूनमध्ये बसणार होती. पण तिच्या बोलण्यावरून मला कळलं की तिला आशा नाही.

स्टेफान आला. तो आनंद लपवायचा प्रयत्न करत होता. चांगला मुलगा आहे. "वाईट वाटलं हो," तो मला म्हणाला. पण नजर वर छपराकडे होती, जिथं त्याच्या बाळाची खोली व्हायची होती.

तेवढ्यात नेस्टा ट्रे घेऊन आली. चहा आणि बारा ब्रिथ, म्हणजे लोणी लावलेला मनुकांचा गोड पाव. अंधारात तिला ट्रे ठेवायला जागा सापडेना, म्हणून तिनं तो एका थडग्यावर ठेवला. "हे काही नाही म्हणायचे नाहीत, माझे आजोबाच आहेत," ती म्हणाली. मग विचारलं, "किती निघाल्या?"

एकही नाही, टेगवेननं सांगितलं.

नेस्टानं कप भरायला घेतले. मग म्हणाली, "अरेरे. आणि आम्ही तर सगळं त्यांच्यासाठी म्हणून घासलं. एलुनेडच्या वटवाघळांना कोणी घाणेरडं म्हणू नये म्हणून. माझ्याबरोबर घासणाऱ्या विनिफ्रेडचे गुडघे अजून दुखतायत." आणि मग माझ्याकडे वळून, मोठे उपकार केल्यासारखं, "आणि इद्वल, तुझं एक काम कमी केलंय मी. ते वरचं तावदान घातलंय बसवून."

"कुठलं तावदान?"

"मागच्या खिडकीचं. ते काय, झाडामागे. किती वर्षं फुटकं होतं. परक्या माणसासमोर लाज गेली असती. भाच्याला बोलावलं आणि काच बसवून घेतली."

मी वर बघितलं. यूच्या फांद्यांमागे, थेट छपराच्या टोकाखाली, एक छोटी खिडकी आहे. अंधारातही तिची काच चमकत होती.

मला संताप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. मी ओरडलो नाही. पण बोललो ते वाईट बोललो. म्हणालो, "तुला कोणी सांगितलं होतं गं, नको तिथं हात घालायला?"

"तुझ्या बायकोनं," नेस्टा म्हणाली.

टेगवेन आणि स्टेफान तिच्याकडे वळले.

"दर वर्षी मी एलुनेडला म्हणायची, ते तावदान घालून घ्या. ती म्हणायची, इद्वलला सांगितलंय, या उन्हाळ्यात करतो म्हणालाय. पुढच्या वर्षी विचारलं की पुन्हा तेच. इद्वल करणार आहे. वीस वर्षं, इद्वल, वीस वर्षं तू ते तावदान घालणार होतास. अख्ख्या चॅपेलला माहीत आहे तू किती आळशी आहेस ते. आता ती गेली, म्हटलं याच्या डोक्यावर निदान हे तरी नको."

मला कोणी कधी त्या तावदानाबद्दल विचारलं नव्हतं. एलुनेडनं एकदाही नाव काढलं नव्हतं. ती जागा तिनं वटवाघळांच्या वाटेसाठी मुद्दाम फुटकी ठेवली होती. नेस्टाला वटवाघळांची भीती, केसात शिरतील म्हणून. खरं सांगितलं असतं तर नेस्टानं दुसऱ्याच दिवशी खिडकी बंद करून घेतली असती. म्हणून एलुनेडनं मला पुढे केलं. आणि चॅपेलची सगळी मंडळी वीस वर्षं रविवारी माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची त्याचा अर्थ मला त्या थडग्यांमध्ये उभ्या उभ्या कळला.

मला हसू आलं. एलुनेड गेल्यापासून मी हसलो नव्हतो. हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते काही थांबेना. नेस्टानं मला आजोबांच्या थडग्यावर बसवलं आणि हातात चहा दिला.

टेगवेननं मात्र वेळ घालवला नाही. तिनं दिवा वर मारला, खिडकी नीट बघितली आणि विचारलं, काच कधी बसवली? मार्चच्या शेवटी, नेस्टा म्हणाली, म्हणजे वटवाघळं परतण्याच्या आधी. आत कोणी कोंडलेल्या नव्हत्या, ते तिनं एप्रिलमध्ये वर जाऊन बघितलंच होतं. "म्हणजे त्या आल्या असतील, दार बंद बघून गेल्या असतील," ती म्हणाली. "जवळच कुठंतरी असतील. जुना गोठा, चुन्याची भट्टी. पिल्लं जूनच्या शेवटाला होतात. अजून वेळ आहे. मिस्टर बेवन, शिडी कुठाय?"

मी शिडी आणली. टेगवेन खालून दिवा धरून उभी राहिली. स्टेफान जागचा हलला नाही. मी अर्ध्यावर पोचलो तेव्हा तो म्हणाला, "इद्वल स्लेट, पैसे माझ्याकडून घेणार आणि भाडेकरू तुम्ही भरणार?"

"हो," मी वरून म्हणालो.

 तो आला आणि त्यानं शिडी धरली.

काचेभोवतीची पुट्टी अजून पुरती वाळली नव्हती. सुरीनं कडेकडेनं सोडवली तर काच अख्खी निघाली. मी ती बगलेत धरून उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्टा माझ्या दारात उभी. रात्रभर झोपली नसावी. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की वटवाघळांची वाट बंद करणं गुन्हा आहे. या वयात तुरुंगात जायचं तर चष्मा नेऊ देतात का, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, टेगवेनला विचार. ती म्हणाली, विचारायचंच आहे, पण तू बरोबर चल, आणि येताना फावडं घेऊन ये.

फावडं कशाला ते तिच्या परसात गेल्यावर कळलं. माळ्यावरून झाडलेली सगळी घाण तिनं टाकून दिलीच नव्हती. नेस्टाचे लीकचे कांदे, जाड दांड्याचे आणि लांब पातीचे, दर वर्षी गावच्या प्रदर्शनात पहिले येतात आणि त्यांना काय खत घालते ते ती कोणालाही सांगत नाही. ते खत एलुनेड तिला दर हिवाळ्यात बादलीभर द्यायची, आणि 'डोंगरावरची माती' म्हणून द्यायची. यंदा माळा झाडताना नेस्टानं ती माती ओळखली. काय आहे ते बघून आधी हात धुतले आणि मग पोतं भरलं. अर्धं पोतं तिनं कांद्यांच्या वाफ्यात मिसळलं होतं, अर्धं शेडमागे झाकून ठेवलं होतं.

रात्री गावातच राहिलेली टेगवेन बोलावल्यावर आली आणि त्या पोत्यासमोर गुडघ्यांवर बसली. एक लेंडी चिमटीत घेऊन चुरगळली. उंदराची कडक असते, ही भुगा होऊन पडली आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे कण चमकले. वरच्या थरातल्या लेंड्या गेल्याच उन्हाळ्यातल्या आहेत, असं ती म्हणाली. थोड्या तिनं बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायला घेतल्या. नेस्टाला तिनं सांगितलं की जे झालं ते लिहावं लागेल, पण ज्यानं चूक कळताच सांगितलं आणि वाट उघडून दिली त्याला कोणी तुरुंगात घालत नाही.

"आणि माझे कांदे?" नेस्टानं विचारलं.

कांदे राहू द्या, टेगवेन म्हणाली.

म्हणजे गेल्या वर्षापर्यंत त्या होत्या, एवढं नक्की झालं. आता त्या परत येतात का, एवढंच राहिलं होतं. नाही आल्या तर गेल्या वर्षीच्या लेंड्यांवर माळा राखून ठेवा असं कोणाला सांगता आलं नसतं.

मी रोज संध्याकाळी मागे जाऊन बसू लागलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. थर्मास न्यायचो, खुर्ची न्यायचो, चकती लाल ठिपक्यावर ठेवायचो. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं होतं की तिथं बसणं सहन होणार नाही, कारण एलुनेडला जिथं पुरलं ती जागा तिथून दिसते. पण तसं झालं नाही. तिथं बसलं की कळतं, ती घरी यायची तेव्हा एवढी शांत का असायची. आधी कावळे जातात, मग पाकोळ्या जातात, मग झाडं आणि आकाश वेगळं दिसेनासं होतं. माणसाला बसून राहण्यापलीकडे काही करायचं नसतं.

नेस्टाही कधीकधी यायची. डोक्याला रुमाल घट्ट बांधून. एकदा म्हणाली, "एलुनेडनं मला वीस वर्षं बनवलं."

"मलाही," मी म्हणालो.

"मला जास्त. तू निदान तिच्या हातचं खात होतास."

पाऊस पडला, काही दिवस बसता आलं नाही. मग एका संध्याकाळी यंत्रातून खरखरीऐवजी वेगळंच काहीतरी आलं. पाण्यात पक्षी बोलावा तसा आवाज. वर, खाली, वर. मी मान वर केली. खिडकीच्या भोकातून काळं काही निघालं, यूच्या फांदीला वळसा घालून दिसेनासं झालं. मी ते नीट बघितलंही नाही. आवाज मात्र पुन्हा आला, आणि पुन्हा एक निघालं.

मला मोजता आलं नाही. मी दोनतीनदा सुरुवात केली आणि चुकलो. कोणती गेली आणि कोणती परत आत शिरली तेच कळेना. घरी आलो, बिछान्यात पडलो आणि आकडा सांगायला कोणी नव्हतं. तरी त्या रात्री मला झोप लागली.

जूनमध्ये टेगवेन पुन्हा बसली. तिचा कॅमेरा चुकत नाही. माद्या आल्या होत्या. एलुनेडच्या शेवटच्या आकड्यापेक्षा कमी होत्या, पण पिल्लं घालण्याइतक्या नक्की होत्या. ती म्हणाली, काही दुसरीकडेच राहिल्या असतील, त्या पुढच्या वर्षी येतील कदाचित.

मी स्टेफानला सांगायला गेलो. तो त्याच्या आईच्या अंगणात कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, धूत होता. आता शरदापर्यंत तिथंच राहायचं होतं. त्याचा चेहरा पडला. साहजिक होतं. मी तिथं उभा राहिलो, निघून गेलो नाही. मग लोरी बाहेर आली, पोट पुढे धरून, आणि पायरीवर बसली. तिनं विचारलं, त्या सगळ्या आयाच आहेत का? मी म्हणालो, हो, बाप तिथं येत नाहीत.

"शहाण्या आहेत," लोरी म्हणाली.

स्टेफाननं ओला फडका तिच्यावर झटकला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर बायकांचं वसतिगृह. एकीनंही भाडं देऊ नये. लोकांना सांगू काय मी?" पण मग त्यानं खाली नकाशा पसरला. चॅपेलची बैठकीची छोटी खोली, जिथं नेस्टा आणि तिच्या मैत्रिणी चहा करायच्या, ती बाळाला द्यायची असं आम्ही तिथंच ठरवलं. तिला चूल आहे, दक्षिणेचं ऊन आहे. माळ्यापेक्षा ती बरी, असं मला तेव्हाही वाटलं होतं. स्टेफानला ते पटायला महिना लागला.

ऑक्टोबरात वटवाघळं हिवाळ्यासाठी गुहांकडे गेली. टेगवेननं माळा बघून परवानगी दिली आणि मी छप्पर उतरवायला घेतलं. माळ्याची जमीन नवी केली, वर कोणी जाऊ शकणार नाही असं दार केलं. मागच्या खिडकीची चौकट नवी बसवली, ओकच्या लाकडाची. काच नाही. तिच्यावर मी पाऊस आत येऊ नये म्हणून स्लेटचा एक छोटा छज्जा काढला. तो खालून दिसत नाही. नेस्टा म्हणते, इद्वलनं शेवटी ती खिडकी केली एकदाची.

मी वर असतो तेव्हा तिला काही सांगायचं असेल तर ती आता फाटकातूनच ओरडते, "कोणी मेलं नाही!" आणि मगच शिडीजवळ येते. परवा अशीच ओरडत आली. मी खाली बघितलं तर दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. मी हातोडी पट्ट्यात अडकवली. ती म्हणाली, "अरे, सांगितलं ना कोणी मेलं नाही म्हणून. लोरीला मुलगी झाली. पण तू आधी खाली ये, आनंदानंही माणूस पडतो."

मी उतरलो. चहा खरोखरच ठेवलेला होता.

टेगवेन म्हणते, पुढच्या जूनपासून मोजणी तुम्हीच करा. रीतसर शिकावं लागेल, परवाना काढावा लागेल. मी हो म्हणालो आहे, पण अर्ज अजून केलेला नाही. छपराची दक्षिणेकडची बाजू पूर्ण झाली आहे. उत्तरेकडच्या चार रांगा राहिल्या आहेत, त्या हवा अशीच राहिली तर नाताळाच्या आत होतील. थडग्याची माती बसायला वर्ष लागतं. म्हणून एलुनेडच्या नावाचा दगड अजून लावायचा आहे.